घुबडाच्या जागी मोर

बर्फाशी आमचा संबंध रसवंतीपुरता. टेंभुर्णीच्या बाजारात उन्हाळ्यात पोत्यात गुंडाळलेली लादी येते, रसवाला ती टोच्याने फोडतो, आणि आपण "बर्फ कमी टाका" म्हणतो. त्यामुळे मुलीचं लग्न जमताना होणाऱ्या जावयाला बर्फावरच्या हॉकीचा नाद आहे असं कळलं, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. पीत नाही, पत्ते कुटत नाही. हॉकीसुद्धा स्वतः खेळत नाही, नुसती बघतो. एवढं खपून जातं.

पुढं बावन्नाव्या वर्षी, गुडघ्याला तेल चोळता चोळता, त्याच हॉकीचा अभ्यास मला करावा लागला. शाळेत खेळाच्या तासाला मी पोट दुखतं सांगून झाडाखाली बसायचे. ते सगळे तास देवाने एकदम वसूल केले.

आमचे जावई मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, अंबड तालुक्यातले. त्यांचे वडील तरुणपणी यंत्रदुरुस्तीच्या कामावर कॅनडात गेले आणि हे तिथंच वाढले. आई लवकर गेली. घरात बाप आणि लेक, आणि मराठी बोलायला एकमेकांशिवाय कोणी नाही. त्यामुळे झालं असं, की वडिलांनी ज्या वर्षी गाव सोडलं त्या वर्षीची मराठी जावयांच्या तोंडात तशीच राहिली. इकडची पोरं आता पुण्यासारखं बोलायला बघतात. जावई मात्र कॅनडातून फोनवर म्हणायचे, "मामी, जेवून राह्यलो. मंग करतो फोन." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझे वारलेले काका बोलल्याचा भास झाला. मी पोरीला विचारलं, "अगं, हा मुलगा परदेशातला का परतूरचा?"

मागच्या थंडीत व्याही गेले. कामावरून घरी आले, खुर्चीत टेकले, आणि तेवढंच. आम्हाला जाता आलं नाही. जावयांनी फोन केला, "मामी, बाबा गेले" एवढं म्हणाले, आणि त्यानंतर त्यांच्याकडून फक्त "हो" आणि "बरं" ऐकू यायला लागलं. हो आणि बरं हे शब्द कुठल्याच गावचे नसतात.

चैत्र संपत आला तेव्हा पोरीचा फोन आला. मी चिंचा फोडत बसले होते.

"आई, तो बोलतच न्हाई."

"भांडलात का?"

"भांडला असता तर बरं झालं असतं. कामावर जातो, येतो, भांडी घासतो, झोपतो. घरात दोन माणसं आणि आवाज माझ्या एकटीचा. मला माझाच कंटाळा आलाय."

"बाप गेलाय त्याचा. वेळ लागतो."

"ते कळतं गं. पण आता उन्हाळा आलाय ना."

उन्हाळ्याचा काय संबंध, ते मला कळेना. मग तिने सांगितलं. त्यांच्या गावचा हॉकीचा संघ थंडीभर खेळतो. यंदा तो लवकर हरून घरी बसला. आता पुढच्या थंडीपर्यंत मॅच नाही. पण बाप-लेकांचा खरा मौसम हाच. मॅच चालू असताना दोघं तोंडातून शब्द काढायचे नाहीत. उन्हाळा लागला की मात्र भांडण सुरू. कोणता खेळाडू ठेवायचा, कोणाला जाऊ द्यायचं, मालकाला अक्कल आहे की नाही. आणि सगळ्यात जुनं भांडण त्या संघाच्या म्हाताऱ्या गोलकीपरवरून. म्हातारा म्हणजे सदतीस वर्षांचा. बाप म्हणायचा ठेवा, लेक म्हणायचा काढा. हे चार उन्हाळे चाललं होतं.

"यंदा त्या गोलकीपरचा करार संपतोय," पोरगी म्हणाली. "सगळं गाव त्याच्यावर बोलतंय. आणि हा गप्प. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणतो, काय बोलू, कोणाशी बोलू. आई, मॅच एकट्याला बघता येते. भांडण एकट्याला करता येत न्हाई."

"मग तू भांड की."

"मी तीन वर्षं त्याच्याच बाजूने बोलत आले. आता मी उलटी फिरले तर त्याला कळणार न्हाई का, की मी दया करून राह्यले?"

चिंचेचा एक आकडा माझ्या हातात तसाच राहिला. ज्येष्ठ यंदा अधिक होता आणि त्या अधिकात ती दोघं इकडे येणार होती. अधिक म्हणजे जावयाचा महिना. अनारसे, दिवा, आहेर. मी म्हटलं, ठीक आहे. आल्यावर भांडते मी.

हे रात्री दुकानातून आले. आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे. ह्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता मला भांडायला शिकावं लागणार. हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "त्यात तुला शिकायचं काय राह्यलंय?"

अभ्यास सुरू झाला. पोरीने फोनवर त्या संघाच्या चाहत्यांचा एक गट लावून दिला. हजारो माणसं, आणि सगळी रिकामी. माझ्या फोनला इंग्रजीचं मराठी करता येतं, पण ती मराठी तहसील कचेरीतून निघाल्यासारखी असते. एकाने लिहिलं होतं, "सदर गोलरक्षकाचा काळ समाप्त झालेला आहे." त्याखाली दुसऱ्याचं, "आपण आपले तोंड बंद ठेवावे ही विनंती." हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या सोसायटीच्या बैठकीत अशीच भाषा असते, फक्त विनंती नसते.

आधी काहीच उलगडेना. मग एक दिवस भाकरी थापता थापता उलगडलं. माझ्या माहेरी पाडव्याला सालगड्यांचं साल संपायचं. त्याआधी महिनाभर गावात एकच विषय. कोणाचा गडी कोणाकडं चालला, कोणी कोणाला गुपचूप चहाला बोलावलं, कोणता गडी आता थकला. पारावरची माणसं त्यावर तासन् तास बोलायची, आणि गडी बिचारा गोठ्यात वैरण टाकत असायचा. इथंही तेच. खेळाडूंचं साल जून सरताना संपतं. तोवर पारावर गर्दी. एवढं कळल्यावर मी त्या हजारो गोऱ्या माणसांमध्ये मांडी घालून बसले.

नव्या पोरांची निवड होते तेही मला आवडलं. जो संघ जास्त हरला त्याला निवडायला बहुधा पहिला मान. आपल्याकडं ज्याचं पान भरलंय त्याच्याच पानात पुन्हा वाढतात.

खेळ मात्र डोक्यात शिरायला तयार नव्हता. पोरीने दोन-तीन वर्षांपूर्वीची एक मॅच पाठवली, शेजारच्या शहराच्या संघाविरुद्धची. ते दोन संघ म्हणजे पिढीजात भाऊबंद, बांधावरून वैर असल्यासारखे. मी अनारशाचं पीठ मळता मळता बघायला बसले. ती काळी चकती इतकी लहान आणि इतकी जोरात जाते की मला ती शेवटपर्यंत दिसलीच नाही. सगळे जिकडं पळतात तिकडं ती असणार, असं धरून चालले. संसार पण मी असाच केलाय. आपला संघ काळ्या कपड्यात, समोरचा पांढऱ्या कपड्यात, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवलं. पाहुणा आलेला संघ पांढरं घालून खेळतो, त्याचा घरचा रंग वेगळा असतो, हे मला कोणी सांगितलं नाही. त्याचं पुढं काय झालं ते येईलच.

मग मी संघाचा इतिहास वाचायला घेतला. भांडायचं तर मागचं माहीत पाहिजे. चषक एकच, तोही फार जुना. एकदा मालकाने संघ उचलून दुसऱ्या शहरात न्यायचं ठरवलं होतं, तेव्हा माणसं पोराबाळांसह बर्फात मैदानाबाहेर उभी राहिली, आणि मालकाला माघार घ्यावी लागली. हे सगळं चाहत्यांनीच लिहिलेलं. पण एकही माणूस सरळ संघाबद्दल लिहीत नव्हता. त्या मॅचला वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. त्या वर्षी आजोबा दवाखान्यात होते, आम्ही त्यांच्या उशाशी रेडिओ लावला. चषक जिंकला तेव्हा आई शेजारणीच्या गळ्यात पडली, आणि त्या दोघी बोलत नव्हत्या. संघाचा इतिहास म्हणून उघडलं, आणि निघाला लोकांच्या आईबापांचा इतिहास. आमच्या व्याह्यांचं काही लिहिलेलं सापडतं का म्हणून मी बरीच मागं गेले. सापडलं नाही. ते लिहिणाऱ्यातले नव्हते, भांडणाऱ्यातले होते.

आता आमच्या आक्का. ह्यांची थोरली बहीण. राजूरला गणपतीच्या देवळाजवळ त्यांचं नारळ-फुलांचं दुकान आहे, आणि आमच्या सगळ्या भावकीत रीतीभातीचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना मी फोन केला आणि धोंड्याचं सांगितलं. ह्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"वर्षाच्या आत धोंडे?" आक्का म्हणाल्या. "जावयाचा बाप गेलाय ना?"

"आक्का, ते लांबून येऊन राह्यलेत. परत अधिक कधी येणार आणि ते कधी येणार."

"आपल्याकडून दुखवट्याची टोपी तरी घातली का त्याला?"

घातली नव्हती. सासरच्यांनी टोपी घालायची, नवे कपडे करायचे, म्हणजे मुलाचा दुखवटा उतरतो, तो पुन्हा माणसांत येतो. ते राहूनच गेलं होतं. 

"मंग आधी टोपी घाला. कपडे करा. आन् मंग अनारसे द्या," आक्का म्हणाल्या. "देव काय हिशोबनीस हाये का, त्याला बी समजतं."

मी धीर करून म्हटलं, "कपड्यात मी त्यांना त्यांच्या संघाची जर्सी शिवून देणार आहे."

"रंग?"

"काळा."

"जावयाला काळं? दुखवटा उतरवायला काळं? बिलकुल न्हाई. आन् त्याच्यावर काही चित्रबित्र?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पंख्याकडं बघायला लागले.

"घुबड," मी म्हटलं.

पलीकडं बराच वेळ देवळाची घंटाच ऐकू आली. मग हे मध्ये पडले, "आक्का, घुबड लक्ष्मीचं वाहन हाये."

"लक्ष्मी बसलेली हाये का त्याच्यावर?"

"न्हाई."

"मंग ते नुसतं घुबड."

अशी ती जर्सी लाल झाली. लाल शुभ, आक्कांनी सांगितलं, आणि मलाही ते पटलं. पोरगी म्हणाली असती की खऱ्या जर्स्या त्याच्याकडं तीन आहेत, म्हणून तिला काही कळूच दिलं नाही. आमचा शिंपी शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवतो. माप विचारलं तर मी गोलकीपरचा फोटो दाखवला आणि म्हटलं, असं दिसलं पाहिजे. गोलकीपर आतून गाद्या बांधतो, हे मला माहीत होतं पण त्या क्षणी आठवलं नाही. शिंप्याने फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाला, "काकू, जावई तालमीतले का?" पाठीवर गोलकीपरचा आकडा शिवायचा होता, एकतीस. पुढं घुबडाच्या जागी काय लावायचं हा प्रश्न पडला, तेव्हा त्यानेच ब्लाउजसाठी आणलेला जरीचा मोर काढला. मोर छान होता. चोचीत मोती होता.

ती दोघं आली. जावई वाळले होते. पाया पडले, आत आले, पाणी प्याले. ह्यांनी विचारलं, "तिकडं उन्हाळा कसा?" ते म्हणाले, "बरा." हे म्हणाले, "बरं." मग दोघं दुकानाच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी पाठ करून ठेवलेलं वाक्य काढलं. "जावईबापू, त्या म्हाताऱ्या गोलकीपरचं काय ठरलं मग? ठेवायलाच पाहिजे तो." पोरीच्या हातातली वाटी तिथंच थांबली. जावयांनी मान वर केली. डोळ्यांत काहीतरी हललं आणि लगेच निवलं. "बघू, मामी," ते म्हणाले आणि वरणात भात कालवायला लागले. माझा दीड महिन्याचा अभ्यास त्या वरणात बुडाला.

त्या रात्री पोरगी माझ्याजवळ येऊन झोपली. म्हणाली, "राहू दे, आई. तू करून बघितलंस." मला तिच्या आवाजाची भीती वाटली. ती रडली असती तर समजूत काढता आली असती. ती नुसती थकली होती.

अनारशांच्या दिवशी आक्का सकाळच्या गाडीने आल्या. अनारसे मी आदल्या दिवशीच तळले होते, आणि पहिले चार-पाच तुपात हसले. अनारसा तुपात सुटून पसरला की आमच्याकडं तो हसला म्हणतात. आक्कांनी डबा उघडून बघितला आणि म्हणाल्या, "हसरे कोणाला ठेवलेस?" मी म्हटलं, "आम्हाला."

जावयांना पाटावर बसवलं. ह्यांनी त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. जावई खाली मान घालून बसले होते. आक्का म्हणाल्या, "बाबा, आता पुरं. आता माणसात या." त्यांनी मान हलवली. हो नाही, बरं नाही, काहीच नाही. मग मी तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा ठेवला आणि बाजूला कागदात गुंडाळलेला आहेर दिला. मी म्हटलं, "उघडा, जावईबापू. तुमच्यासाठी खास शिवलंय."

त्यांनी कागद काढला. लाल कापड मांडीवर पसरलं. मोर वर आला.

मी पोरीकडं बघितलं. कौतुकाने बघत असेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडं असं बघत होती जणू मी ताटात विंचू वाढला होता.

जावयांनी जर्सी उलटी केली. एकतीस बघितला. पुन्हा सुलटी केली. मोराच्या चोचीतल्या मोत्यावर त्यांनी बोट ठेवलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडून राह्यले. आक्कांनाही तसंच वाटलं, त्या पुढं सरकल्या. तर ते हसत होते. तोंडावर हात धरून, टोपी डोळ्यांवर घसरलेली, आवाज न करता. मग आवाज करून. पोरगी तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून बसली आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कसलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

"मामी," ते म्हणाले, श्वास लागला होता. "मामी, हे तर त्यांचं हाये."

"कोणाचं?"

"लालवाल्यांचं. शेजारच्या गावचं. आमी ज्यांच्याशी जन्मभर भांडून राह्यलो, त्यांचा रंग हाये ह्यो. आन् त्याच्यावर आमच्या म्हाताऱ्याचा आकडा."

"मॅचमध्ये तर ते पांढरे होते," मी म्हटलं.

"आमच्या घरी खेळायला आल्ते म्हणून पांढरे. त्यांच्या घरी ते लाल."

सगळा अभ्यास केला आणि शत्रू ओळखायचाच राहिला. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "रंग आक्कांचा." आक्का म्हणाल्या, "मला काय ठाऊक, कुठल्या देशात लाल वाईट असतं म्हणून."

जावई आता थांबेनात. "मामी, आमच्या घरात लाल बादली न्हवती. बाबा घेऊच देत न्हवते. मी लहान असताना लाल कानटोपी घेऊन आल्तो, तर म्हणले, दुकानात परत देऊन ये, थंडी वाजली तरी चालंल. लालवाले जिंकले का बाबा उठायचे आन् फावडं घेऊन दारातला बर्फ काढायला जायचे. बर्फ नसला तरी जायचे."

"बर्फ नसल्यावर काय काढायचे?" आक्कांनी विचारलं.

"काय न्हाई. उभे राहायचे फावडं घेऊन."

ते एकदम थांबले. मग हळू म्हणाले, "हे बाबांनी पाह्यलं असतं तर जेवले नसते दोन दिवस."

मला वाटलं, आता पुन्हा दार लागणार. म्हणून मी काहीही विचार न करता म्हटलं, "काही का रंग असेना, तो म्हातारा ठेवायलाच पाहिजे. तेव्हापण म्हटलं, आतापण म्हणते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. टोपी सरळ केली. "मामी, त्याचे गुडघे गेले."

"गुडघे माझेपण गेलेत. मला काढता का?"

"तुमाला कोण काढून राह्यलं. पण तुमी गोल अडवत न्हाई."

"बत्तीस वर्षं तेच करतेय मी ह्या घरात. विचारा ह्यांना."

"बराबर," हे म्हणाले, आणि हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल.

"आन् त्याच्या जागेवर जे पोरगं हाये, चोवीस वर्षांचं, ते किती दिवस बाकावर बसणार?" जावई म्हणाले. "त्याचं आयुष्य न्हाई का?"

"पोराला बसू द्या की अजून एक वर्ष. म्हाताऱ्याजवळ बसून शिकेल. सगळं मैदानातच शिकायचं असतं का?"

मला वाटतं, हेच वाक्य जावयांनी आधी कधीतरी ऐकलेलं असावं. ते म्हणाले, "तुमी अगदी बाबांसारखं बोलून राह्यल्या." मग उठले, हात धुवायला म्हणून मागच्या नळावर गेले. नळ बराच वेळ चालू होता. एरवी पाणी वाया गेलं की मी ओरडते. त्या दिवशी मी ते वाहू दिलं. पोरगी उठायला लागली, तर आक्कांनी तिचा हात धरून खाली बसवलं.

परत आले ते जर्सी अंगात घालून. दोन माणसं मावतील एवढी होती. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या आणि मोर पोटावर आला होता. "बाबांना बसली असती," ते म्हणाले. "एवढेच होते ते." आणि पाटावर बसून त्यांनी अनारसा उचलला. चहा होईपर्यंत आम्ही भांडत होतो. नवी पोरं कोणती घ्यावीत, मालकाला अक्कल आहे का, एकच चषक आणि तोही किती जुना. आक्का मध्येच विचारायच्या, "कोणाला काढून राह्यले?" आणि ऐकून घेऊन म्हणायच्या, "नका काढू." त्या माझ्या बाजूला होत्या. ह्यांनी जावयांची बाजू घेतली, कारण मी दुसरीकडं होते.

ती दोघं परत गेली. गेल्यावर मी मनाला फार आशा लावून घेतली नाही. एका दुपारी हसला म्हणजे झालं असं नसतं. तिकडं पुन्हा ते घर, ती खुर्ची. पोरीला मी मुद्दाम विचारलं नाही आणि तिने मुद्दाम सांगितलं नाही.

मग पेरणीचे दिवस आले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सोयाबीनच्या पिशव्या, कपाशीची पाकिटं, आणि सगळ्यांना जल्दी. मी गल्ल्यावर बसले होते. फोन वाजला. जावयांचा नंबर. ते मला एकटीला कधी फोन करत नसत, नेहमी पोरीच्या फोनवरून, ती द्यायची तेव्हा. तिकडं तर रात्रीच्या जेवणाची वेळ.

"मामी, बातमी पाह्यली का?"

"काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"ती बरी हाये. म्हातारा गेला."

"अरे देवा. कसा?"

"तसा न्हाई, मामी. दुसऱ्या संघात गेला. आपल्या मालकाने त्याला विचारलंच न्हाई. आन् कोणाकडं गेला म्हाइतीये का?" त्यांचा आवाज चढला होता, पारावरच्या माणसासारखा. "लालवाल्यांकडं गेला. त्यांनी आकडा बी तोच दिला त्याला. एकतीस. तुमी शिवलेली जर्सी खरी झाली, मामी. फक्त मोर राह्यला."

समोर गिऱ्हाईक पिशवी धरून उभं होतं. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

"हे बराबर न्हाई केलं त्यांनी," जावई बोलतच होते. "एवढी वर्षं त्याने दार राखलं. गुडघे गेले म्हणून काय झालं. एक वर्ष अजून ठेवला असता, ते पोरगं त्याच्याजवळ बसून शिकलं असतं. सगळं मैदानातच शिकायचं असतं का?"

मी ऐकत होते. चार उन्हाळे हा मुलगा म्हणत होता काढा, काढा. आता तो बापाच्या बाजूला जाऊन बसला होता, आणि त्याची जागा रिकामी होती. तिथं कोणीतरी बसायला पाहिजे होतं, नाहीतर भांडण तिथंच मिटलं असतं. मी पदर खोचला.

"मला विचाराल तर बरं झालं गेला ते," मी म्हटलं. "गुडघे गेले होते त्याचे."

मग ते म्हणाले, "मामी, असं कसं म्हणून राह्यल्या तुमी? तुमीच तर म्हणत होत्या..."

"तेव्हा म्हणत होते. चोवीस वर्षांच्या पोराचं आयुष्य नाही का?"

"थांबा, थांबा. आता ऐका माझं." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मागून पोरगी म्हणत होती, "अरे, जेवण थंड होऊन राह्यलंय," आणि जावई तिला म्हणत होते, "तू जेव, तू जेव, आईने बाजू बदलली." आणि पोरगी मोठ्याने म्हणाली, "बदलणारच, ती माझी आई हाये," आणि मग ती दोघंच आपसात बोलायला लागली. मी फोन कानाला लावून बसले.

"काकू, बियाणं," गिऱ्हाईक म्हणालं.

ह्यांनी आतून विचारलं, "कोणाचा फोन?"

"जावयाचा," मी म्हटलं. "भांडून राह्यलेत."

"बरं," हे म्हणाले आणि पिशवी स्वतःच मोजायला घेतली.